फेसबो आणि आर्टिक्युलेटर: पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

कास्टवर, म्हणजे दातांच्या नमुन्यावर, क्राउन (दातावरची टोपी) चपखल बसलेला असतो. तोंडात ठेवला की पेशंट म्हणतो, "डॉक्टर, हेच पहिलं लागतंय." मग अर्धा तास ग्राइंडिंग, टेक्निशियनने कोरलेले कस्प (दातावरचे उंचवटे) सपाट, आणि शेवटी लॅबला फोन. पुष्कळदा लॅबचं काही चुकलेलं नसतं. आपण पाठवलेले दोन कास्ट एकमेकांवर आणि बिजागरीपासून ज्या अंतरावर बसवले गेले, तिथेच गफलत झालेली असते. आर्टिक्युलेटर म्हणजे दोन्ही कास्ट धरून जबड्यासारखं उघडमिट करणारं यंत्र, आणि फेसबो म्हणजे वरच्या कास्टची त्यातली जागा चेहऱ्यावरून मोजून आणणारी चौकट. ही या बसवण्याची साधनं आहेत.

आधी एक नेहमीचा गैरसमज. फेसबो बाइट (वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याची नोंद) घेत नाही आणि खालच्या जबड्याबद्दल काहीही सांगत नाही. दोन्ही कॉन्डाइलमधून (खालच्या जबड्याच्या कानापुढच्या टोकांमधून) जाणारा जो आडवा अक्ष आहे, त्याच्यापासून वरचे दात किती पुढे, किती खाली आणि किती तिरके आहेत, एवढंच तो उचलून आणतो. खालचा कास्ट त्यानंतर बाइट रेकॉर्डने बसतो. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्हींतल्या चुकाही वेगळ्या दिसतात.

अक्ष चुकला तर किती बिघडतं

खालचा जबडा मिटताना दात वर्तुळाच्या तुकड्यावरून वर येतात. लॅबमधल्या साध्या हिंज आर्टिक्युलेटरची बिजागरी दातांच्या अगदी मागे असते, म्हणजे वर्तुळ लहान होतं. बाइट रेकॉर्ड मध्ये असेपर्यंत काही कळत नाही. ते काढून कास्ट मिटवले की दात वेगळ्याच वाटेने येऊन भलत्याच उतारावर टेकतात.

आकडेमोड सोपी आहे. मोलर, म्हणजे दाढ, अक्षापासून साधारण ६० मिमी पुढे धरा. तिथे बाइट ३ मिमी जाड असेल, तर ती काढल्यावर आर्टिक्युलेटर सुमारे ३ अंश, म्हणजे ०.०५ रेडियन मिटतो. अक्ष ५ मिमीने चुकला असेल, तर दात ५ × ०.०५, म्हणजे पाव मिलिमीटर सरकलेले असतात. २०० मायक्रॉनचा जाड निळा आर्टिक्युलेटिंग पेपर डोळ्यांसमोर आणा. त्याहून थोडं जास्त. हीच बाइट १ मिमी असती, तर चूक ०.०८ मिमीवर आली असती. पहिला धडा इथेच मिळतो: कानात बसणारा साधा फेसबो खऱ्या अक्षापासून चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे असू शकतो, आणि बाइट पातळ असेल तर ते चालून जातं. बाइट अजिबात मध्ये नसेल आणि दात मिटल्यावरची उंची बदलायची नसेल, तर मिटण्याच्या वाटेपुरता अक्षाचा प्रश्नच उरत नाही.

कुठे वापरायचा

एका मोलरचा क्राउन, शेजारचे आणि समोरचे दात शाबूत, कास्ट हातात घेतले की एकाच जागी घट्ट बसतात: फेसबो नको. तिथे वेळ घालवायचाच तर इम्प्रेशनवर घाला. तीन-चार युनिटचा मागचा ब्रिज असेल, तर पेशंटचे गाइडन्स, म्हणजे जबडा सरकताना कोणते दात वाट दाखवतात ते, बघून ठरवा.

वरचे पुढचे चार-सहा दात करायचे असतील, उंची वाढवायची असेल, झिजलेल्या दातांचं फुल माउथ, म्हणजे सगळ्याच दातांचं काम, असेल, किंवा एका बाजूचे मागचे सगळे दात एकदम तयार केले असतील, तर मात्र फेसबोशिवाय काम सुरू करू नका. संपूर्ण कवळीबद्दल बीडीएसला आपण वेगळं शिकलेलो असतो, पण फेसबोमुळे कवळी ठळकपणे चांगली होते असं तुलनात्मक अभ्यासांतून ठोस दिसलेलं नाही. आमच्या मते फेसबोची खरी किंमत दात असलेल्या तोंडातच वसूल होते.

यंत्राची ओळख

क्लिनिकला लागतो तो सेमी-ॲडजस्टेबल आर्टिक्युलेटर. त्यात दोन जाती. आर्कॉनमध्ये कॉन्डाइलचा गोळा खालच्या भागावर आणि त्याची खोबण वरच्या भागावर, माणसात असते तशी. नॉन-आर्कॉनमध्ये उलट. फरक व्यवहारात जाणवतो: आर्कॉनमध्ये वरचा भाग उघडला तरी वरच्या दातांच्या प्लेनशी कॉन्डाइलच्या उताराचा कोन बदलत नाही, नॉन-आर्कॉनमध्ये बदलतो. नवीन घेत असाल तर आर्कॉन घ्या. दोन गोळ्यांमधलं अंतर बहुतेक मॉडेलमध्ये ११० मिमीवर कायम असतं.

फेसबोचे भाग चार: कानात जाणारे इअरपीस असलेला धनुष्यासारखा बो, दातांवर बसणारा बाइट फोर्क, दोघांना जोडणारा ट्रान्सफर जिग, आणि पुढची उंची ठरवणारा पॉइंटर. खरा अक्ष कानाच्या भोकात नसतो, त्याच्या पुढे असतो. हा फरक कंपनीने आर्टिक्युलेटरवरच्या जोडणीत आधीच धरलेला असतो. म्हणून एका कंपनीचा बो दुसऱ्या कंपनीच्या आर्टिक्युलेटरला "बसतोय ना" म्हणून लावू नका. बसला, तरी तो फरक जुळेलच असं नाही.

आधी कास्ट

फेसबोच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या चुका कास्टच्या असतात. अल्जिनेटचा (ठसा घ्यायच्या पदार्थाचा) ट्रे तोंडात नेण्याआधी दात हलकेच पुसा आणि थोडं अल्जिनेट बोटाने मोलरच्या फिशरमध्ये चोळा. हे केलं नाही तर खळग्यात हवा अडकते, आणि त्या हवेच्या जागी कास्टवर स्टोनचा, म्हणजे कास्टच्या जिप्समचा, गोल मणी तयार होतो. मोहरीएवढासुद्धा नसतो, पण समोरचा कस्प त्याच्यावर चढून बसतो आणि अख्खी बाइट उघडी राहते. पाणी थंड घ्या. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात नळाच्या पाण्याने कालवलं तर ट्रे तोंडात जाईपर्यंत अल्जिनेट धरायला लागलेलं असतं.

इम्प्रेशन धुऊन, डिसइन्फेक्ट करून दहा-पंधरा मिनिटांत ओता. "संध्याकाळी लॅबचा मुलगा येईल तेव्हा देऊ" हे चालणार नाही, तोवर ते आकसतं. स्टोन तासाभरात काढा, रात्रभर अल्जिनेटमध्ये ठेवू नका. पृष्ठभाग खडूसारखा होतो.

मग लूप (भिंग) लावून प्रत्येक मोलरचा खळगा बघा. मणी असेल तर कार्व्हरच्या टोकाने उडवा. तो नेमका कस्प टेकण्याच्या जागी असेल आणि खालचा मूळ आकार कळत नसेल, किंवा कस्पचं टोकच तुटलं असेल, तर इम्प्रेशन परत घ्या. शेवटी दोन्ही कास्ट हातात मिटवून मागून बघा: शेवटच्या मोलरच्या मागचा स्टोन एकमेकांवर आदळत नाही ना? आदळत असेल तर छाटा. या एका गोष्टीने पुढचे दात उघडे राहतात, आणि दोष बाइटला दिला जातो.

कास्टच्या बुडाला तीन-चार व्ही-आकाराच्या खाचा पाडा, तीनेक मिमी खोल.

फेसबो घेणे

पेशंटला सरळ बसवा. कानात काहीतरी जाणार आहे आणि स्क्रू आवळताना करकर मोठ्याने ऐकू येईल, हे आधीच सांगा. न सांगितलेला पेशंट नेमक्या क्षणी मान वळवतो.

पहिल्यांदा पुढची खूण. स्लाइडमॅटिक पद्धतीच्या बोमध्ये वरच्या उजव्या लॅटरल इन्सायझरच्या (मधल्या दाताशेजारच्या दाताच्या) कडेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या दिशेने ४३ मिमी मोजून नाकाच्या बाजूला पेनने ठिपका देतात. काही बो डोळ्याच्या खोबणीची खालची कड, म्हणजे ऑर्बिटाले घेतात, काही नाकाच्या मुळाला टेकतात. तुमच्या बोसोबत जी खूण आहे तीच वापरा. ती चुकली तर सगळे दात आर्टिक्युलेटरमध्ये पुढून वर किंवा खाली झुकतात, आणि कॉन्डाइलच्या उताराचे आकडे निरर्थक होतात.

आता फोर्क. त्यावर बाइट रजिस्ट्रेशन सिलिकॉन किंवा गरम पाण्यात मऊ केलेलं कंपाउंड तीन ठिकाणी ठेवा: एक पुढे, दोन मोलरपाशी. फोर्कची मधली खूण चेहऱ्याच्या मध्याशी जुळवा आणि वरच्या दातांवर हलकेच दाबा. ठसा फक्त कस्पच्या टोकांचा हवा, एक-दीड मिमी. दात खोल रुतले तर कास्ट त्या ठशात कधीच पूर्ण बसणार नाही, कारण अंडरकट (दाताचा आत वळलेला भाग) आणि हिरडी आड येतात. घट्ट झाल्यावर बाहेर काढा, ब्लेडने जास्तीचं उडवा आणि पेशंट खुर्चीत असतानाच वरचा कास्ट त्यात बसवून बघा. डुगडुगला तर आत्ताच फोर्क पुन्हा भरा. ही तपासणी नवशिके हमखास वगळतात आणि पेशंट घरी गेल्यावर पस्तावतात.

फोर्क परत तोंडात. खालच्या दातांवर दोन्ही बाजूंना कॉटन रोल ठेवून पेशंटला हलकं चावायला सांगा. फोर्क आपोआप धरला जातो आणि आपले हात मोकळे होतात. बो जिगवर सरकवा, दोन्ही इअरपीस पेशंटला स्वतःच्या हातांनी कानात धरायला सांगा, आतल्या बाजूला आणि किंचित पुढे दाबून. मधला स्क्रू आवळा. पॉइंटर ठिपक्याशी येईपर्यंत बो वर-खाली करा.

इथे दोन पावलं मागे या आणि समोरून बघा. दोन्ही कान एका उंचीवर असतातच असं नाही. बो कानांना समांतर आहे पण बुबुळांच्या रेषेला तिरका आहे, असं दिसलं तर तो बळेच वाकवू नका. तसाच घ्या आणि लॅब स्लिपवर लिहा. पुढचे दात करायचे असतील, तर दातांवर थोडं सिलिकॉन लावून त्यात एक सरळ काडी बुबुळांच्या रेषेला समांतर धरा आणि चेहऱ्याचा समोरून फोटो घ्या. तो फोटो गेला नाही, तर टेक्निशियन आर्टिक्युलेटरच्या टेबलाला समांतर कडा लावतो आणि पेशंटचं हसू तिरकं दिसतं.

मग जिगचे स्क्रू, कंपनीने दिलेल्या क्रमाने. आवळताना दुसऱ्या हाताने जिग पक्का धरा. मोकळा सोडून पिळला तर शेवटच्या वळशाला फोर्क दातांवरून किंचित फिरतो, आणि तोंडात ते दिसत नाही. सगळं घट्ट झाल्यावर फोर्कला बोटाने टिचकी मारा. हलला तर पुन्हा.

काढताना मधला स्क्रू सैल, इअरपीस बाहेर, "तोंड उघडा", आणि सगळं एकत्र खाली-पुढे. स्लाइडमॅटिकसारख्या बोमधून फक्त फोर्क आणि जिग सुटा होतो, तेवढाच लॅबला जातो; बो क्लिनिकमध्ये राहतो. फोर्क ऑटोक्लेव्हला, इअरपीसला कंपनी सांगेल तसं.

वरचा कास्ट बसवणे

आर्टिक्युलेटरचा सेंट्रिक लॉक (वरचा भाग सरकू न देणारा) बंद, इन्सायझल पिन (पुढून उंची धरणारा दांडा) शून्यावर, कॉन्डाइलचे कोन कंपनी सांगते तिथे. पिनच्या टेबलाऐवजी जिगचा ठोकळा लावा आणि जिग त्यात बसवा. फोर्कच्या खाली आधार द्या. आधाराचा स्टँड नसेल तर स्टोनचा गोळा चालेल, पण आधार हवाच. कास्ट आणि ओलं प्लास्टर मिळून फोर्कवर चांगलंच वजन पडतं. दांडा लवतो आणि वरचे दात खाली झुकलेले माउंट होतात.

कास्टचं बूड मिनिटभर पाण्यात बुडवा, नाहीतर कोरडा कास्ट प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतो आणि जोड ठिसूळ होतो. प्लास्टर श्रीखंडाइतकं घट्ट. पहिल्यांदा थोडंच, खाचांमध्ये आणि प्लेटवर, मग वरचा भाग पिन खाली टेकेपर्यंत मिटवा. हे धरलं की उरलेली फट दुसऱ्या खेपेला भरा. एकदम मोठा ढीग लावला तर प्लास्टर धरताना फुगून कास्ट उचलतं.

बाइट आणि खालचा कास्ट

दोन प्रसंग. पहिला, पेशंटचे पुरेसे दात समोरासमोर टेकतात आणि उंची तीच ठेवायची आहे. तेव्हा एमआयपी, म्हणजे दात जिथे सर्वांत जास्त रुततात ती जागा, आणि कास्ट हातानेच बसवा. मध्ये मेण किंवा सिलिकॉन घालायचा मोह टाळा. हाताने घट्ट बसणाऱ्या कास्टमध्ये काहीही घातलं तरी ते उचलतंच. शेवटचा दात तयार केला असेल तर फक्त त्या दातापुरता तुकडा घ्या.

दुसरा, दातांचा भरवसा उरलेला नाही किंवा उंची वाढवायची आहे. मग सेंट्रिक रिलेशन, म्हणजे दातांवर अवलंबून नसलेली कॉन्डाइलची खोबणीतली जागा. पुढच्या दातांमध्ये लीफ गेज (पातळ पानांची गड्डी) किंवा रेझिनचा जिग ठेवून पाच-दहा मिनिटं बसवा, म्हणजे स्नायू जुनी सवय विसरतात. मागचे दात जेमतेम सुटतील एवढीच पानं ठेवा आणि कडक सिलिकॉनने मागे रेकॉर्ड घ्या. भोक पडायला नको, पण जितकं पातळ तितकं बरं; वरची आकडेमोड आठवा. ब्लेडने ट्रिम करून फक्त कस्पच्या टोकांचे खड्डे ठेवा, हिरडीवर टेकणारा भाग पूर्ण काढा. हिरडी दबते, स्टोन दबत नाही.

रेकॉर्डच्या जाडीसाठी पिन आधी वाढवावी लागते, म्हणजे वरचा भाग तेवढा उचलला जातो. ढोबळ हिशोब: मोलरपाशी १ मिमी म्हणजे पुढच्या दातांत २ आणि पिनवर ३. आर्टिक्युलेटर उलटा ठेवा, कास्ट रेकॉर्डमध्ये बसवून स्टिकी वॅक्स आणि जुन्या बरने किंवा माचिसच्या काड्यांनी तीन ठिकाणी बांधा, आणि पुन्हा दोन खेपांत प्लास्टर. धरेपर्यंत हाताने दाबत बसू नका, रबर बँड लावा.

शिमस्टॉक

प्लास्टर सुकलं की लगेच कामाला लागू नका. शिमस्टॉकची ८ ते १२ मायक्रॉनची पट्टी तोंडात एकेका जोडीमध्ये धरून ओढा, आणि कुठे अडते, कुठे सुटते, हे पेशंट असतानाच दाताच्या क्रमांकासह कागदावर लिहून ठेवा: "१७ अडते, १६ अडते, १५ सुटते." आता तीच पट्टी कास्टवर फिरवा. यादी जुळली तर माउंटिंग खरं. तोंडात १६ला पट्टी अडते आणि कास्टवर सरळ निघून येते, तर दुसरीकडे काहीतरी आड येतंय: मणी, मागचा स्टोन, नाहीतर उचललेली बाइट. सेंट्रिक रिलेशनमध्ये तोंडातला पहिला टेकणारा दात कोणता तेही बघून ठेवा. कास्टवर तोच आला पाहिजे. आम्हाला विचाराल तर या अख्ख्या लेखातलं एकच काम करायचं असेल, तर हे करा. फेसबो नसला तरीही.

कोन

कॉन्डाइलचा उतार पेशंटवरून घ्यायचा तर जबडा पाच-सहा मिमी पुढे आणवून प्रोट्रूसिव्ह रेकॉर्ड घ्या, ते कास्टमध्ये ठेवून खोबण गोळ्याला टेकेपर्यंत फिरवा आणि आकडा लिहा. नाही घेतलं तर सरासरी ३० अंश आणि बेनेट (जबडा बाजूला सरकताना कॉन्डाइल आत वळतो तो कोन) १५ अंश. हनाऊचं सूत्र, उतार भागिले ८ अधिक १२, हेही ३०ला १५.७५ देतं.

सरासरी लावताना चूक कुठल्या बाजूला झालेली बरी, हे लक्षात ठेवा. आर्टिक्युलेटरचा उतार पेशंटपेक्षा जास्त तिरपा ठेवला, तर टेक्निशियन उंच कस्प करतो आणि ते तोंडात जबडा हलवताना अडतात. कमी ठेवला तर कस्प बुटके होतात, तोंडात जास्त जागा मिळते, अडत काही नाही. म्हणून फिक्स्ड कामात शंका असेल तर २५ किंवा २० लावा. बॅलन्स्ड कवळीत (जबडा सरकतानाही दोन्ही बाजूंचे दात टेकतात अशा) हे गणित लागू नाही. तिथे कमी उतार लावला तर तोंडात मागचे दात सुटतात आणि बॅलन्स जातो.

पुढच्या दातांच्या केसमध्ये कस्टम इन्सायझल टेबल करा. टेम्पररी क्राउन पेशंटला रुळले, बोलणं-चावणं ठीक झालं, की त्यांचं इम्प्रेशन घेऊन कास्ट माउंट करा. पिन किंचित उचला, टोकाला व्हॅसलिन, टेबलावर मऊ रेझिनचा गोळा, आणि पिन पुढे, डावीकडे, उजवीकडे फिरवत रहा, रेझिन धरेपर्यंत. टेम्पररीच्या मागच्या उताराची वाट तिथे कोरली जाते. त्याआधी कास्टच्या इन्सायझल कडांना सायनोॲक्रिलेटचा पातळ हात द्या. नाहीतर स्टोनवर स्टोन घासून कडाच झिजतात आणि कोरलेली वाट खोटी ठरते.

काम परत आलं, आणि तरीही लागतंय

मागचे सगळे सारखेच हाय (आधी टेकणारे): बाइट जाड होती, किंवा माउंटिंगच्या वेळी कास्ट उचलला. फक्त एका बाजूला हाय: मणी, किंवा त्या बाजूचा ठसा पूर्ण बसला नव्हता. मिटल्यावर ठीक पण बाजूला सरकताना अडतं: उतार जास्त लावला होता. कास्टवर छान, तोंडात सगळीच जागा सरकलेली: लॅबने तुमचं माउंटिंग फोडून साध्या हिंजवर पुन्हा बसवलं असण्याची शक्यता दाट. वेळ वाचवायला असं होतं, म्हणून स्लिपवर "माउंटिंग फोडू नये" आणि पिनचा आकडा लिहा.

तुमचा आणि लॅबचा आर्टिक्युलेटर एकाच मॉडेलचा असला, तरी तो एकमेकांशी कॅलिब्रेट केलेला नसेल तर माउंट केलेले कास्ट एकातून दुसऱ्यात जात नाहीत. पडताळायला एका आर्टिक्युलेटरवर माउंट केलेले कास्ट दुसऱ्यावर लावा आणि शिमस्टॉक फिरवा. यादी बदलली, तर कॅलिब्रेशन होईपर्यंत कास्टऐवजी अख्खा आर्टिक्युलेटरच पाठवा, पिन टेपने बांधून.